गच्चीवरून सांगितलेल्या उल्का

भावजींचा फोन आला तेव्हा मी ढगच बघत होते. ऑगस्टातली सकाळ, उपग्रहानं टिपलेलं ताजं चित्र मोबाइलवर उघडलेलं, अख्खा महाराष्ट्र पांढऱ्या गोधडीखाली झोपलेला, आणि पुण्याच्या जागी एखादं भोक सापडतंय का ते मी चष्मा सरसावून शोधत होते. ययाती तारकासमूहातून होणारा उल्कावर्षाव अगदी तोंडावर आला होता. भावजी म्हणजे माझी मैत्रीण प्रज्ञा मेश्राम हिचे यजमान, मिलिंदराव. ते इतक्या सकाळी फोन करायचे ते तिचा निरोप द्यायलाच, म्हणून मी त्यांना बोलूही न देता सांगून टाकलं, की तिला म्हणावं यंदाही काही आशा नाही. ते म्हणाले, "शैलाताई, प्रज्ञा पहाटे गेली." मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. ढगांचं चित्र मात्र नीट आठवतं, कारण फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मी त्याच्याकडेच बघत बसले होते.

पुण्यात राहून उल्कावर्षावांचा नाद लावून घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका म्हणून जबाबदारीनं सांगते. परदेशी पुस्तकं ज्या ऑगस्टातल्या वर्षावाचे गोडवे गातात, तो पुणेकरांनी फक्त पुस्तकातच पाहावा. नोव्हेंबरातल्या वर्षावाला धुकं, एप्रिलातल्याला वळवाचे ढग. राहता राहिला डिसेंबर, तर तिकडे बंगालच्या उपसागरात काही खुट्ट झालं की त्याचे ढग नेमके त्याच रात्री आमच्या डोक्यावर. आणि यातून आकाश मोकळं सापडलंच तर शहराचे दिवे आहेतच. तरी माणसं हा छंद जोपासतात. का, ते मला प्रज्ञा भेटेपर्यंत कळलं नव्हतं, आणि आता ती गेल्यावर नीट सांगता येत नाही.

आमची ओळख सासवडच्या पुढे एका माळावर झाली. एका हौशी मंडळाबरोबर मी सहल म्हणून गेले होते, थर्मासभर चहा आणि जिभेवर भरपूर टोमणे घेऊन. तिथली रीत अशी की सगळ्यांनी सतरंजीवर पाय मध्याकडे करून उताणं पडायचं, प्रत्येकाला आकाशाचा एकेक तुकडा वाटून दिलेला, आणि काहीही झालं तरी आपल्या तुकड्यावरून नजर हलवायची नाही. मला पहिली उल्का दिसली आणि मी 'अय्या, ती बघा' म्हणून ओरडले. सगळ्यांच्या माना फिरल्या. शेजारच्या अंधारातून एक थंड आवाज आला, "बाई, तुम्ही ओरडलात म्हणून आम्ही सगळ्यांनी आपापलं आकाश सोडलं. तेवढ्यात तिकडे जी पडली असेल ती गेली." मी पेठेत वाढलेली. ऐकून घेणं आमच्या रक्तात नाही. मी म्हटलं, मग आपल्या आकाशाला कुंपण घालून घ्या. यावर तो आवाज जो हसायला लागला तो थांबेना, आणि त्या हसण्यात तिच्याही दोन-तीन उल्का हुकल्या. उजाडल्यावर तिनं मला भाकरीवर जवसाची चटणी घालून दिली. टेलिफोन खात्यात नोकरी, मूळ भंडाऱ्याकडची, राहायला विश्रांतवाडी, एक मुलगी बंगळुरात... एवढी माहिती तिनं चटणी संपेपर्यंत दिली आणि लगेच पुढच्या महिन्यात कधी येणार ते विचारलं. नाही म्हणायची सोयच ठेवली नाही.

लहानपणी माझ्या आईनं मला तुटत्या ताऱ्याकडे काहीतरी मागायला शिकवलं होतं. प्रज्ञाच्या आईनं तिला त्याच्याकडे बघायचंच नाही असं बजावलं होतं, कुणीतरी मरतं म्हणे. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे धाक एकदम बाहेर काढले होते, पण उल्केची भीती तेवढी आईच्या पदरात राहून गेली होती. लेकीनं ती बरोब्बर उचलून मोडीत काढली. मागायचं नाही, घाबरायचं नाही, दिसली तर दिसली म्हणायचं आणि नाही दिसली तर नाही म्हणायचं, हा तिचा सगळा धर्म. अर्धवट दिसलेली, डोळ्याच्या कोपऱ्यातून भासलेली उल्का ती कधीही मोजायची नाही. मी एकदा 'बहुतेक दिसली' म्हटलं तर म्हणाली, बहुतेक हा रकाना आपल्याकडे नाही.

आणि ढग. उल्का मोजताना आकाशाचा किती भाग ढगांनी झाकला आहे त्याचाही अंदाज द्यावा लागतो, नाहीतर मोजणीला अर्थ उरत नाही. बाकीचे तो टक्क्यांत द्यायचे, प्रज्ञा आण्यांत द्यायची. तिचे वडील तलाठी होते, बांधावर उभं राहून पिकाची आणेवारी ठरवायचे, ते बघत ती मोठी झाली होती. "चार आणे ढग," ती सांगायची, "दहा आणे झाले, पण उत्तरेकडून उघडतंय, कुणी उठायचं नाही." मंडळात आयटीतली तरुण पोरं यायला लागली तेव्हा त्यातला एक म्हणाला, मॅम, प्लीज पर्सेंटमध्ये सांगाल का? तिनं त्याला रुपया म्हणजे सोळा आणे इथपासून शिकवलं. पुढे ती पोरंही ऑफिसातून निघताना एकमेकांना मेसेज टाकू लागली, की हिंजवडीत बारा आणे आहे, निघू का नको. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. निघा.

त्या 'निघा'पायी आम्ही काय काय भोगलं! एका डिसेंबरात ढगातलं भोक गाठायचं म्हणून सोलापूर रस्त्यानं गाडी हाणत गेलो. गाडी माझी, हट्ट तिचा. भोक आमच्या पुढे पुढे पळत राहिलं आणि शेवटी एका बंद ढाब्यासमोर पावसानं आम्हाला गाठलं. बेमोसमी पाऊस, काचांवर वाफ, बाहेर चिखल. मला बंद गाडीत गुदमरायला होतं. काच खाली करावी तर पाऊस आत, वर करावी तर जीव घाबरा. मी चिडचिड करत होते, आणि ही बाई शांतपणे सीट मागे टाकून काचेतून तो सोळा आणे काळोख बघत पडलेली. मी विचारलं, तुला काहीच होत नाही का गं? म्हणाली, "आपलं काम बसायचं. उघडायचं काम त्याचं." सकाळी मी धायरीला घरी पोचले तर शेजारीण जिन्यातच भेटली आणि म्हणाली, काल काय सुंदर चांदणं पडलं होतं हो आपल्याकडे! त्यानंतर बरेच दिवस मी प्रज्ञाशी बोलले नाही. मग तिनंच फोन केला, जानेवारीतल्या वर्षावाला कधी निघायचं ते विचारायला.

तिची फुप्फुसं कडक होत चालली आहेत हे कळलं तेव्हा निवृत्त होऊन तिला फार काळ झाला नव्हता. आधी टेकडी सुटली, मग माळ सुटला, मग स्वतःच्या इमारतीचा जिना. लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचं घर, वर एक मजला आणि त्याच्यावर गच्ची. त्या गच्चीच्या किल्लीसाठी तिनं पूर्वी सोसायटीच्या सेक्रेटरींशी रीतसर लढाई केली होती. 'गच्चीवर विनाकारण थांबू नये' अशी पाटी होती आणि उल्का हे कारण होत नाही असं सेक्रेटरींचं म्हणणं होतं. प्रज्ञानं त्यांना विचारलं, मग मी वर एक टॉवेल वाळत घालते आणि तो वाळेपर्यंत रात्रभर थांबते, चालेल का? किल्ली मिळाली. आणि किल्ली हातात आल्यावर दोनच हिवाळ्यांत तिच्या नाकाला नळी लागली.

ऑक्सिजनचं ते यंत्र बेडरूममध्ये घरघरत असायचं. नळी हॉलच्या खिडकीपर्यंत पुरायची, दारापर्यंत पुरायची नाही. खिडकीला जाळी, जाळीपलीकडे समोर नव्यानं उठलेल्या इमारतीची भिंत, आणि मान वाकडी केली तर वर हातरुमालाएवढं आकाश. वारा-पाऊस झाला की तिकडची वीज जायची. वीज गेली की यंत्र कर्कश ओरडायचं, आणि मग नळी काढून शेजारच्या सिलिंडरला जोडावी लागायची. ते काम भावजींचं. भावजी खडकीच्या कारखान्यात फिटर होते, रोज संध्याकाळी कॅरम खेळायला जाणारा, चारचौघांत रमणारा माणूस. ते सगळं आपोआप बंद झालं. ती नळीला बांधलेली आणि ते तिला. मी धायरीहून दोन बस बदलून जायचे, तासभर बसायचे आणि निघताना रस्त्यावर आल्यावर मोठा श्वास घ्यायचे. तेव्हा माझी मलाच लाज वाटायची.

पण वर्षाव काही थांबत नव्हते, आणि ते आले की प्रज्ञा पिंजऱ्यातल्यासारखी करायची. हातरुमालाएवढ्या आकाशात काही दिसणं शक्य नव्हतं. शेवटी तिनंच तोड काढली. भावजींनी गच्चीवर जायचं, फोन चालू ठेवायचा, त्यांना दिसेल ती उल्का सांगायची आणि हिनं खाली पलंगावर बसून लिहायची. त्यासाठी ती स्वतःच्या हातानं नळी सिलिंडरला जोडायलाही शिकली, म्हणजे मागे वीज गेली तरी ते निर्धास्त राहतील. भावजींना ताऱ्यांत काडीचा रस नव्हता. बायको रात्ररात्र माळावर जाते याचं त्यांना नवल होतं, अभिमानही होता, पण स्वतः ते कधी आले नव्हते. तरी ते तयार झाले. प्रज्ञा मला फोनवर सांगायची, हे वर गेले, एक दिसली म्हणाले, पांढरी होती म्हणाले... आणि तिचा आवाज त्या दिवशी बरा वाटायचा.

मग तो डिसेंबर आला. मिथुनेतल्या वर्षावाच्या रात्री मी माझ्या गच्चीवर होते, आणि वर एकसंध ढग होते. चंद्र कुठे आहे तेही कळत नव्हतं. उपग्रहाच्या चित्रात कात्रजच्या डोंगरापासून पार आळंदीपुढपर्यंत एकच पांढरी चादर. सकाळी प्रज्ञाचं सांत्वन करावं म्हणून फोन केला तर भावजींनी उचलला आणि खुशीत सांगितलं, काल बऱ्याच पडल्या, शैलाताई. मी कपाळाला हात लावला. जिनं आयुष्यात एक 'बहुतेक' लिहिलं नाही, तिच्या हातून हा माणूस खोट्या उल्का लिहवून घेतोय, आणि ती बिचारी खोलीत कोंडलेली, तिला बाहेरचं काय कळणार? मला इतका संताप आला की दुसऱ्याच दिवशी मी विश्रांतवाडी गाठली. भावजी औषधं आणायला गेले होते. बरंच झालं. मी चप्पल काढता काढताच बोलायला सुरुवात केली.

तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "मला माहीत आहे." पहिल्या उल्केपासून माहीत होतं म्हणे. खरी उल्का कधी ठरल्या वेळी येत नाही, खूप वेळ काहीच नसतं आणि मग लागोपाठ तीन पडतात. आणि यांच्या कशा, तर स्टँडवरून शेअर रिक्षा सुटाव्यात तशा, एक भरली की एक. शिवाय सगळ्या पांढऱ्या, सगळ्या डावीकडून उजवीकडे. हे सांगताना तिला हसू येत होतं, हसण्यानं खोकला येत होता, आणि खोकला थांबेपर्यंत मला तिच्या पाठीवरून हात फिरवत बसावं लागलं.

"आणि तू त्या लिहून घेतेस?" मी विचारलं.

"लिहिते असं म्हणते. लिहीत नाही."

मग सांगत का नाहीस त्यांना, असं मी म्हटल्यावर तिनं नाकातली नळी सारखी केली. मग थांबत थांबत, श्वास पुरवत बोलली. "शैला, दिवसभर हा माणूस या दोन खोल्यांत असतो. माझं यंत्र, माझा खोकला. त्याला म्हटलं फिरून ये, तर नाही जात. कॅरमला जा, तर नाही. मला सोडून स्वतःसाठी तो बाहेर पडायचा नाही. माझ्या कामासाठी म्हटलं की जातो. तेवढा वेळ तरी वर मोकळ्यावर उभा राहतो, वारा लागतो त्याला... मी जर म्हटलं की तुमच्या उल्का खोट्या आहेत, तर पुन्हा जाणार नाही." आणि मग आपल्या नेहमीच्या आवाजात, "तू बोलायचं नाहीस. शपथ घालत नाही, आपल्यात ते चालत नाही. नुसतं सांगते."

मी बोलले नाही. माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं ते मला ओळखणाऱ्यांना कळेल. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी घरी परतताना मला तिचा हेवा वाटला. आपला अख्खा धर्म बाजूला ठेवून 'हं, लिहिली' म्हणणारी बाई आणि गच्चीवर उभं राहून तिच्यासाठी तारे तोडणारा नवरा... असं कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं आणि मी कुणासाठी केलं नव्हतं. पुढच्या एप्रिलातही त्यांनी तसंच केलं. ऑगस्टातल्या वर्षावाची ती वाटच बघत होती. ढग असणारच होते, आणि तिला ते चालणार होतं.

ती गेल्यानंतर मी मध्ये एकदा मुलगी असताना जाऊन आले, पण निवांत जाणं झालं ते पाऊस संपल्यावर, मुलगी बंगळुराला परतल्यावर. दार अर्धवट उघडंच होतं. यंत्र दुकानात परत गेलेलं, भिंतीवर त्याच्या उंचीएवढा धुरकट पट्टा. भावजींनी चहा केला, साखर घालायला विसरले. आम्ही बाबासाहेबांच्या तसबिरीखाली दोन खुर्च्यांवर बसलो. मलाच त्या घरात बसवेना, म्हणून मी म्हटलं, भावजी, चला ना, गच्चीवर जाऊ. मनात असंही होतं, की ही यांची जागा, तिथे ते जरा मोकळे होतील.

ते माझ्यामागून वर आले. दिवस मावळायला आला होता, परतीचा पाऊस गेल्यावर असते तशी लख्ख हवा. भावजी कठड्यापाशी जाऊन उभे राहिले, चारही बाजूंना बघितलं, आणि लहान मुलासारखे म्हणाले, "हे तर विमानतळाचे दिवे दिसून राहिले इथून!" मी हसत म्हटलं, इतक्या वेळा रात्री इथे उभं राहून तुम्हाला ते आज दिसले होय? कठड्यावरचा हात त्यांनी काढून घेतला.

"मी एकदाच आलो होतो, शैलाताई," ते म्हणाले. "पहिल्यांदा. आलो आणि पाच मिनिटांत लाइट गेली. पळत खाली गेलो तर ती हातात नळी धरून बसलेली, जोडणं होईना. मला म्हणते, जमलंच होतं, तुम्ही कशाला आलात? मग कसा येऊ मी वर? इथून ते मशीन ऐकू येत नाही." म्हणून मग ते घराचं दार लोटून घ्यायचे, पण कडी न लावता, वरच्या मजल्याकडे जाणारा अर्धा जिना चढायचे आणि वळणावरच्या पायरीवर बसून राहायचे. तिथून यंत्राची घरघर ऐकू यायची. एक कान त्या घरघरीकडे आणि दुसऱ्या कानाशी फोन. डोळ्यांसमोर जिन्याची भिंत. आत्ता एक पडली म्हणायचे, थोडं थांबायचे, आता आणखी एक. "खोटं बोललो," ते म्हणाले. "तिला तेवढीच खुशी होती. तिला समजलं असतं तर फार वाईट वाटलं असतं."

मला गप्प राहता आलं असतं. राहावं असंही वाटलं. पण प्रज्ञानं मला न बोलायला सांगितलं होतं ते ज्या कारणासाठी, ते कारण आता उरलं नव्हतं, आणि जिला अर्धवट दिसलेलं चालत नव्हतं तिच्याबद्दल यांनी अर्धवट जाणत राहावं हे मला बरं वाटेना. मी सांगून टाकलं. की तिला पहिल्यापासून कळलं होतं, तिनं एकही लिहिली नाही, आणि तरी ती बोलली नाही, कारण तुम्हाला तेवढाच वेळ मोकळी हवा मिळते असं तिला वाटायचं.

भावजी विमानतळाकडे वळले. एक विमान उतरत आलं, आवाज करत डोक्यावरून गेलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ती खाली बसून हेच समजत होती, की मी इथं आहे? वर, हवेत?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग बरं झालं," ते म्हणाले, आणि तिथेच टाकीच्या कट्ट्यावर बसून रडले. मी त्यांना ओळखते तेव्हापासून त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मीही रडले, सांगायला हरकत नाही.

आता ते रोज संध्याकाळी गच्चीवर जातात. मंडळातली पोरं त्यांना भेटून आली, एकानं जुनी दुर्बीणही नेऊन दिली. ती ते विमानं बघायला वापरतात. तासभर बसतात, वारा खातात, अंधार पडला की उतरतात. सोसायटीत एवढ्यात चोरी झाली म्हणून वर जाताना कुलूप लावत जा असं सेक्रेटरींनी त्यांना दोनदा समजावलं, तेव्हा ते हो म्हणाले. पण परवा मी गेले तेव्हाही ते वर होते, आणि खाली घराला कुलूप नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं.